अकरा सेकंदांची पेटी

पहिल्या स्पीकरमधून आलेला आवाज दुसऱ्या स्पीकरमधून अकरा सेकंदांनी येत होता. ताईंनी स्टॉपवॉच लावून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अकरा, वर दोन दशांश.

रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांच्यासमोर एक राखाडी पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी. ताई केंद्राच्या मुख्य अभियंता. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. काचेपलीकडे, स्टुडिओत, निवेदक नाना चाचणीचे कागद घेऊन बसले होते.

"बोलण्याआधी जरा थांबत जा, असं आमची ही लग्नापासून सांगतेय," नाना माइकमधून म्हणाले. "तिला नाही जमलं, ते या डब्यानं केलं."

खात्यातून आलेले अधिकारी हसले. त्यांच्या मांडीवर फाइल होती. नव्या धोरणानुसार रेडिओ असो की मोबाइलवरचं थेट प्रसारण, प्रत्येक शब्द आधी अशा पेटीतून जायचा होता. अयोग्य वाटेल ते पेटी गाळणार. केंद्रापुरती ताईंची मंजुरी हवी होती. चार महिन्यांत फाइल तीनदा आली, आणि तिन्ही वेळा ताईंनी शंका काढून ती परत पाठवली.

"वाचा, नाना."

नाना वाचू लागले. धरणातला पाणीसाठा, शाळांच्या परीक्षा. दुसऱ्या स्पीकरमधून सगळं जसंच्या तसं येत होतं. मग नानांनी वाचलं, "नदीची पातळी वाढत आहे. खालच्या वस्तीतील लोकांनी ताबडतोब घरं सोडावीत. दवाखाने सुरू राहतील."

ताई दुसऱ्या स्पीकरकडे वळल्या. नदीची पातळी वाढत आहे. दवाखाने सुरू राहतील. जोड कळत नव्हता. नानांनी मध्ये घेतलेला श्वाससुद्धा जागच्या जागी होता.

"मधलं वाक्य कुठे गेलं?"

"लोक घाबरतील, म्हणून काढलं असेल," अधिकारी म्हणाले. "शिकवलंय तसं करते ती."

"कशावरून शिकवलं?"

"तुमच्याच दप्तरावरून. तुमच्या लोकांनी प्रत्येक बातमीपत्र जपून ठेवलंय, लाल पेन्सिलीनं खोडलेल्या ओळींसकट. इतका नीटनेटका साठा दुसरीकडे कुठेच मिळाला नाही."

नाना कधी आत येऊन उभे राहिले ते कळलं नाही. कागद त्यांच्या हातातच होता.

"हे वाक्य मी खोडलंय," ते म्हणाले. "अगदी हेच नाही, पण असंच. त्या पुराच्या वर्षी. वरून फोन आला, गोंधळ नको. पाचच्या बातम्या होत्या. लाल रेघ मारली, सही केली, तारीख घातली. पद्धतच होती आपली."

"पाणी किती वाजता आलं?"

"साडेसातला."

ताईंचे ओठ किंचित हलले. त्यांनी वजाबाकी केली असावी.

"जुनं उगाळून काय होणार, ताई?" अधिकारी शांतपणे म्हणाले. "मोबाइल कंपन्यांनी पेट्या गेल्याच आठवड्यात बसवल्या. बाकीच्या केंद्रांनीही. तुमचं एकच राहिलंय. तुम्ही नाही म्हणालात, तर सोमवारी तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल आणि हो म्हणेल."

"गेल्या आठवड्यापासून सुरू आहे हे? लोकांना सांगितलंय?"

"एक-दोघांनी सांगायचा प्रयत्न केला ना, मोबाइलवरून." ते थांबले. "पण तेही पेटीतूनच गेलं असणार."

या वेळी कुणी हसलं नाही.

"करून टाका सही," नाना हळूच म्हणाले. "मी पाच महिन्यांत घरी जाईन. तुमची अजून नऊ वर्षं आहेत. पोरीचं शिक्षण व्हायचंय."

अधिकाऱ्यांनी फाइल उघडून ताईंपुढे सरकवली. पेन काढून तिच्यावर आडवं ठेवलं. ताईंनी पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि ते त्यांना परत दिलं.

"सोमवारपर्यंत हे केंद्र माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "मंजुरी नाही. नाना, दुपारच्या बातम्या थेट जातील. पहिली बातमी या पेटीची."