फुली न मारलेला पाव

क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावर माझ्या स्वयंपाकघरात पाव शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दटावून सांगते, भट्टीत सारण्याआधी पावावर सुरीने फुली मारा. आत जे काही असेल त्याला बाहेर पडायला वाट हवी. डब्लिनची माणसं हसतात, पण मारतात.

या खेपेला शिकायला आलेल्या अट्रॅक्टाने मारली नाही. तिने पाव फुगवायला घरून बरणीत आंबलेलं पीठ आणलं होतं. तिच्या नवऱ्याने, फिंटनने, ते विरजणासारखं वर्षानुवर्षं जपलं होतं. गेल्या हिवाळ्यात तो होडीसकट बुडाला. प्रेतही मिळालं नाही.

"अगं, फुली राहिली तुझी."

"राहू दे."

पाव निघाले. नीट भाजलाय की नाही हे बघायला आम्ही पाव उलटा करून बुडावर बोटाने ठोकतो. पोकळ आवाज आला की झाला. सगळ्यांचे पाव तसेच वाजले. मग अट्रॅक्टाने ठोकलं. टक टक.

आतून उत्तर आलं. टक टक.

कुणीतरी खिदळलं.

"निवताना वाजतो कधीकधी," मी म्हणाले. माझ्या उभ्या जन्मात कधी वाजला नव्हता.

तिने पुन्हा ठोकलं. या वेळी आतला आवाज थांबेचना.

मी सुरी पुढे केली. "काप, बाई. सोड त्याला."

"एकदा सोडलंच होतं की," ती म्हणाली, आणि तिने पाव फडक्यात घट्ट गुंडाळून छातीशी धरला.

आतून आता कुणीतरी दोन्ही मुठींनी ठोकत होतं.