अकरावी फाइल

"आजपासून कॅन्सरला लपायला पृथ्वीवर जागा उरणार नाही," असं जाहीर करून विभागप्रमुख मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: पासवर्ड चुकला. तीनदा चुकल्यावर यंत्राने मॅडमनाच अर्ध्या तासासाठी बाहेर काढलं. कॅन्सर तेवढा वेळ निर्धास्त राहिला.

तो अर्धा तास खोडरबर यांच्या वाट्याला आला. खोडरबर हे नोंदी साफ करणारे कारकून, हे नाव ऑफिसने ठेवलेलं. वय सत्तावन्न, आवाज बेताचा. बावीस इस्पितळांनी आपल्या पेशंटांच्या नोंदी एका सामायिक क्लाउडवर ठेवायच्या, म्हणजे कुठल्याही गावच्या संशोधकाला त्या वाचता येतील, अशी योजना होती. नोंद वर चढवण्याआधी तिच्यातलं नाव, पत्ता, फोन पुसायचा आणि तारखा मागेपुढे सरकवायच्या, माणूस ओळखू येता कामा नये, हे खोडरबर यांचं काम. चार वर्षांत त्यांनी सहा हजार माणसं बिननावाची केली होती. या माणसाशी वाकडं घेऊ नका, नावसुद्धा उरणार नाही, असं सहकारी एकमेकांना बजावत.

मॅडमनी त्यांना खिडकीपाशी नेलं. क्लाउडचा एक नियम होता. अकरापेक्षा कमी पेशंट असलेला गट तो कुणालाच दाखवत नसे, कारण मोजकी माणसं असली की नाव पुसूनही ती ओळखू येतात. एका दुर्मीळ गाठीचे बावीस इस्पितळांत मिळून दहाच पेशंट निघाले होते. दहाही जण गेलेले. त्यांना काय दिलं, कशाने बरं वाटलं, कशाने बिघडलं, सगळं लिहिलेलं होतं आणि सगळं बंद होतं. अकरावी पेशंट खोडरबर यांची बायको.

ती आठ महिन्यांपूर्वी इस्पितळाच्या याच इमारतीत, त्यांच्या टेबलाच्या बरोबर दोन मजले वरच्या वॉर्डात गेली. संमतीच्या कागदावर तिने स्वतः सही केली होती. गाठ एवढी दुर्मीळ आहे तर निदान चार माणसांनी बघितली तरी पाहिजे, असं ती म्हणाली होती. खोडरबर यांनी तिची फाइल 'तपासणी बाकी' या खान्यात ठेवली आणि आठ महिने तपासली नाही.

याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बायको घरी येत होती. कुलूप काढून आत जावं तर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ती बसलेली असे. फारसं काही करत नसे. गॅस नीट बंद केला होता का, विचारी. कॉलर मळली आहे, म्हणे. जिवंतपणीही ती हेच म्हणत असल्यामुळे घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. भीती निराळीच होती. ज्यांची नावं आपण पुसली, त्यांतलं कुणी पुन्हा घरी आल्याचं खोडरबर यांच्या कानावर नव्हतं. हिची फाइल अजून नावानिशी होती, म्हणून ही येत होती. तेवढा एक शब्द पुसला की खुर्ची रिकामी.

फाइलमध्ये चुका आहेत, जरा वेळ लागेल, असं ते मॅडमना म्हणाले. मॅडमनी आवाज चढवला नाही. दूरच्या एका शहरात सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, तिला हीच गाठ आहे, कोणतं औषध आधी द्यावं हे तिच्या डॉक्टरांना कळत नाही, आणि रोज ते क्लाउड उघडून बंद दार बघतात, एवढंच त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "कोणती चूक राहिलीय ते दाखवा. मी दुरुस्त करते."

खोडरबर यांना चूक सापडली नाही.

ते टेबलाशी जाऊन बसले. नाव पुसलं. पत्ता पुसला, तो त्यांचाही होता. तारखा सरकवायला यंत्राने चिठ्ठी काढावी तसा आकडा काढला: त्रेसष्ट दिवस पुढे. इतक्या डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते यंत्राने बसल्या जागी केलं, तिला दोन महिने वाढवून दिले. मग त्याने विचारलं, खात्री आहे? खात्री नव्हती. त्यांनी 'हो' दाबलं.

तोवर मॅडमचा पासवर्ड लागला होता. पडद्यावरचा दहाचा आकडा अकरा झाला आणि कोऱ्या रकान्यांत वयं, औषधं, महिने भराभरा उमटले. टाळ्या वाजल्या. खोडरबर त्या वेळी जिना उतरत होते. शनिवार, अर्धा दिवस.

घरी ते लांबच्या रस्त्याने गेले. दारात किल्ली फिरवली आणि तिथेच थांबले. आत सामसूम. हाक मारून बघावी असं वाटलं, पण कशी? नाव तर आपणच पुसून आलो. मग लक्षात आलं, एकतीस वर्षांत त्या नावाने आपण तिला एकदाही हाक मारलेली नाही.

"अगं," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"आलात? मग आत या की. दार कशाला अडवून ठेवलंय?"

ती नेहमीच्याच खुर्चीवर होती. भिंतीला लागून दहा जण उभे होते. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई, शर्टाची बटणं चुकीची लावलेले एक म्हातारे गृहस्थ, शाळेच्या वयाची एक मुलगी. नंबर पुकारण्याची वाट बघण्यात वर्षं गेलेल्या माणसांसारखे सगळे गप्प. पायांत कुणाच्याच चपला नव्हत्या.

बायकोने आवाज खाली आणला. "नाव विचारू नका हं कुणाला. आठवत नाही त्यांना. वाईट वाटतं."

खोडरबर यांनी मान हलवली. ती हलायची थांबेना.

"आणि असे बघत काय राहिलात," ती म्हणाली, "शेजारून जरा खुर्च्या मागून आणा. आपल्याकडे चारच आहेत."