सायंकाळची पोथी

वडिलांच्या देखत आपल्या लेकराला उचलून घेऊ नये, ही मर्यादा मन्मथप्पांच्या घराण्यात तीन पिढ्या निष्ठेने पाळली गेली होती. आणि ती पाळणारा रवि त्या दिवशी आपल्याच चार वर्षांच्या मुलीपुढे अपराधी होऊन उभा होता.

रुद्राणी उंबऱ्याला अडखळून पडली होती. रवि दोन हातांवर होता. परंतु ओसरीवर मन्मथप्पा बसले होते. रवीचे हात पुढे झाले आणि अर्ध्यातच थांबले. मुलगी आपली आपण उठली, गुडघा चोळीत त्याच्या शेजारून गेली आणि आत आईला बिलगली.

“लेक पडली तर उचलायला मुहूर्त बघावा लागतो का हो?” धनश्रीने दाराआडून हळूच विचारले.

“अप्पा बसलेत समोर.”

“मग अप्पांसमोर पडत जाऊ नको, असं सांगते तिला.”

रवि पाठ फिरवून दुकानात गेला.

कडा गावात त्यांचे किराणा दुकान होते, घराच्याच पुढल्या भागात. रवि दिवसभर गल्ल्यावर, आणि मन्मथप्पा दुकान व घर दोन्ही दृष्टीत राहतील अशा जागी, ओसरीवर. वृद्ध मितभाषी होते. त्यांनी रवीला लहानपणी कधी कडेवर घेतल्याचे कुणालाच स्मरत नव्हते. तेव्हा याच ओसरीवर त्यांचे वडील बसत असत.

परिणाम असा झाला होता, की रुद्राणीला पिता हा गल्ल्यामागचा एक माणूस वाटे. गिऱ्हाइके हाक मारीत, तशीच ती मारी : “ओ शेट, लिमलेटची गोळी द्या.” लोक पोट धरून हसत. रविही हसे. मग बराच वेळ उगाच तराजू पुसत राही.

ईश्वराची कृपा अनपेक्षित वाटेने आली. त्याच आठवड्यात एका उतरत्या दुपारी मन्मथप्पांनी उपरणे खांद्यावर टाकले, काठी घेतली आणि जाहीर केले, “मठात पोथी लागली हाय. रोज पाचाला जाईन, दिवे लागायच्या वक्ताला येईन.”

मठ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रवि म्हणाला, “गुडघे दुखतेत तुमचे, अप्पा. गाडीवर सोडू का?”

“तू तुझं बघ.”

काठीचा आवाज गल्लीच्या वळणाआड विरला. रवीने धनश्रीला गल्ल्यावर बसविले, आत गेला आणि आयुष्यात प्रथमच, सूर्य मावळला नसताना, मुलीला उचलून घेतले.

रुद्राणी काठीसारखी ताठ झाली. “शेट, खाली सोडा.”

त्याने सोडले. परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि तिसऱ्या दिवशीही. तिने मांडलेल्या खेळातल्या दुकानासमोर तो मांडी घालून बसू लागला. “पावशेर गूळ द्या,” तो म्हणे. “संपला, उद्या या,” ती गंभीरपणे सांगे. मग तो उद्या येई. ती पालीला भिते, कानाची पाळी चोळली की झोपते, आणि शेंगदाण्याची लाल साल तिला मुळीच चालत नाही, हे त्याला कळत गेले. तिची वेणी घालायला तो शिकला. वेणी वाकडी होई. रुद्राणी तीच वाकडी वेणी मिरवीत शेजारी जाई.

मन्मथप्पा परतताना फाटकाबाहेर फार वेळ खाकरत असत. हिवाळ्याने त्यांचा घसा धरला असावा. ते आत येईतो रुद्राणी जमिनीवर असे आणि रवि गल्ल्यावर.

“अप्पा, परसाद?” ती हात पुढे करी.

“आजबी संपला गं बाई.”

त्यांचे धोतर धुळीने भरलेले असे, उपरण्याला उसाचे पाचट चिकटलेले. रवि पाय धुवायला पाणी देई आणि मनोमन त्या पोथीला नमस्कार करी.

महिना लोटला. एका सायंकाळी अंगणात रुद्राणीला मुंगळा चावला. आई जवळच तांदूळ निवडीत होती. मुलगी रडत तिला ओलांडून पुढे धावली. “पप्पा! पप्पा, मला चावलं!”

रवीने तिला उरापाशी घेतले. धनश्रीने सूप खाली ठेवले आणि पदराने डोळे टिपले.

ही कृतज्ञता मनात मावेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी रवि नारळ आणि पांढरी शाल घेऊन मठात गेला. वृद्ध जंगमस्वामी पायरीवर उन्हात बसले होते.

“शरणार्थ, स्वामी. तुमच्या पोथीनं माझ्या घरात लई मोठं काम केलं. समाप्तीचं अन्नदान माझ्याकडं.”

“कोणती पोथी रं?”

“सांजची. अप्पा रोज येतेत ती.”

“श्रावण सरल्यापासून मठात पोथी लागलीच न्हाई, रवि. वर बघ, पत्रे काढलेत.”

रवीने वर पाहिले. निळे आकाश होते.

“मग अप्पा रोज कुठं जातेत?”

“कारखान्याच्या रस्त्यावर एस.टी.चा निवारा हाय न्हवं? त्यात बसतेत. उसाचे ट्रॅक्टर बघत, अंधार पडंस्तोवर. मी एकदा इचारलं, अप्पा, ह्या गारठ्यात कशापायी बसता, घरी जा की.”

“काय म्हणले?”

स्वामींनी शाल घडीसकट मांडीवर ठेवली. “म्हणले, ‘मी घरी असलो की पोरगं लेकराला हात लावत न्हाई. तोंडानं सांगावं, तर लाजंल. मला माझ्या पोराला उचलता आलं न्हाई, स्वामी. त्याला तरी त्याचं उचलू द्या. शिव त्या बापलेकीचं कल्याण करो.’”