आयुधपूजेनंतरचा हिरवा दिवा

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणाऱ्या मशीनचा दिवा चूक सापडली की लाल व्हायचा, एरवी हिरवा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची आयुधपूजा झाली, तेव्हापासून तो हिरवाच होता. तिथल्या इंजिनिअर जयंतीला ते खटकत होतं. आज औषधांचे डोस ठरवणारं सॉफ्टवेअर रुग्णालयांकडे जायचं होतं. “तपासणीच्या नोंदींचा लॉग दाखवा ना, सर,” ती म्हणाली. “अम्मा, दिवा हिरवा आहे. आरती ओवाळू का?” टीमलीड रघुराम हसले. नक्की काहीतरी लपवताहेत! तिने मुद्दाम कोडमध्ये चूक घातली. दिवा हिरवाच. ती तडक मशीनच्या खोलीत शिरली. सुकलेल्या हाराखाली मशीन बंद होतं. “पूजेला विश्रांती म्हणून मीच बंद केलं, चालू करायचं राहिलं,” मागून रघुराम पुटपुटले. दिव्याची वीज वेगळी होती, म्हणून तो शेवटचा रंग धरून बसला होता. मशीन चालू होताच तो लाल झाला. “तुझी चूक आधी काढ!” तिने काढली. मशीन पुन्हा चाललं. दिवा लालच राहिला.