बेटावरचा डागदर

लढाई संपल्यावर पलटणीतून परतलेल्या डॉक्टर चौगुल्यांनी सांगलीत न बसता कृष्णेच्या दोन पात्रांमधल्या बेटावर दवाखाना थाटला, तेव्हा बेटावरच्याच वाडीतलं कुणी तिकडं फिरकेना. "नव्या हाताला गुण हाय का न्हाई, कुनाला ठावं?" म्हणत माणसं नावेत बसून पैलतीरच्या वैदूकडं जायची.

पायरी चढली ती एकटी रंगुबाई. तापानं फणफणलेल्या नवऱ्याला, नानासोला, तिनं बाजेवर घालून आणलं. डॉक्टरांनी जीव ओतून औषधपाणी केलं आणि आठवड्यात गडी भाकरी मागू लागला. अखेर कुणीतरी आपल्यावर भरवसा टाकला म्हणून डॉक्टरांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या सकाळी दोघं पुन्हा दारात. नानासोच्या हातात म्हशीचं दावं.

"लय दिस झालं, हिचं दूध आटत चाललंय. बघा की," रंगुबाई म्हणाली.

"अहो बाई, मी माणसांचा डॉक्टर!"

"व्हय की. मानसाला गुण आला, म्हनून तर हिला आनली."

डॉक्टरांनी नानासोकडं पाहिलं. तो म्हशीची पाठ थोपटत होता.

 

"आवं, ताप आला तवा मीच म्हनलं हिला, आदी मला न्हेऊन बघ, एकदम म्हशीला कशाला धोक्यात घालायचं?"