घडीच्या सायकलीची सीट

वडिलांच्या जुन्या घडीच्या सायकलीची सीट काही केल्या वर राहत नव्हती. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तो ती आपल्या उंचीला घ्यायचा, जीव खाऊन बोल्ट आवळायचा; दुसऱ्या दिवशी कपाटामागची सायकल काढून उघडावी, तर सीट पुन्हा आपली खाली! तीन बोल्ट बदलले, बायकोची बोलणी खाल्ली. "सायकलीला हात लावू नकोस हं, जुनी वस्तू आहे," असं आईलाही बजावून झालं. वडीलही आईला हेच बजावायचे, चाळीस वर्षं.

शेवटी वैतागून त्याने सायकल कोपऱ्यावरच्या मेकॅनिकपुढे आदळली. "आता भंगारातच घालतो ही!"

मेकॅनिकने बोल्ट फिरवून पाहिला. "अहो, काही बिघडलेलं नाही. दुपारी तुमच्या मातोश्री चालवतात ना, त्या घेत असतील खाली. पाना माझ्याकडूनच नेलाय त्यांनी. आता तर वळणावर घंटीसुद्धा वाजवतात."

तो सायकल ढकलत घरी आला. दारातच आईने विचारलं, "झाली का रे दुरुस्त?"

"नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सीट आहे तिथेच राहू द्या म्हणाला."