जुनं परत द्या

"फोन उचल ना!" साहेब काचेच्या केबिनमधून ओरडले आणि चष्मिशने एकदम दोन उचलले. एक या कानाला, एक त्या कानाला.

कंपनीची कॉम्प्युटर चालवणारी नवीन सिस्टिम सकाळी नऊला लोकांच्या कॉम्प्युटरवर गेली. अकरा वाजेपर्यंत चार हजार तक्रारी! एका वकिलाचं डोकं चढलं होतं. शाळेतल्या एका बाईंना सगळं पांढरंफटक दिसत होतं. एक औषधवाला तर म्हणाला, गोगलगाय बरी, निदान पुढे तरी सरकते. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच. जुनं परत द्या!

त्यात दाढीवाल्याचा फोन. बाहेर बसून या सिस्टिमसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे जेवढे आहेत ना, त्या सगळ्यांचा हा पुढारी.

"पाच वर्षांची मेहनत पाण्यात घातलीत आमची! आमचं एकही सॉफ्टवेअर यावर चालत नाही!"

"कुठलं चालत नाहीये, दादा?"

"अजून टाकून नाही पाहिलं. पण चालणारच नाही!"

मग चष्मिशच्या सख्ख्या मावशीचा फोन. "अगं, कुणी केलंय हे? डोळ्यांची आग आग होतेय माझ्या. चांगलं झापा त्याला."

चष्मिशने 'हो हो' म्हणत फोन ठेवला. कारण ते तिनेच केलं होतं! दोन वर्षं, एक एक ओळ. जुनीपेक्षा दुप्पट वेगाने चालायची तिची सिस्टिम, दहा वेळा मोजून पाहिलेलं. पण नोकरी अजून कच्चीच होती.

साहेब बाहेर आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पाचच्या आत जुनी सिस्टिम परत पाहिजे. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस."

आता जुनी परत आणायची म्हणजे किमान आठवडा! तेही सांगायला गेली, तर साहेब मीटिंगमध्ये घुसलेले. आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत तिने काय केलं, तर स्क्रीनवरचं जुनं डोंगराचं चित्र शोधलं. त्याखालची जुनी करडी पट्टी शोधली. कॉम्प्युटर चालू होताना वाजायचं ते टुंग शोधलं. तिन्ही आपल्या नवीन सिस्टिमवर चढवली, खाली लिहिलं 'तुमची जुनी सिस्टिम परत आली' आणि दोन वाजता दिलं पाठवून. म्हटलं, तासभर तरी लोक गप्प बसतील, तोवर साहेबांना खरं काय ते सांगू.

तीन वाजता फोन थांबले. साडेतीनला हार्टचे इमोजी यायला लागले! वकिलाचं डोकं उतरलं. औषधवाला म्हणाला, "आता कसं, बोट लावलं की हजर!" दाढीवाल्याने सगळ्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या एकजुटीचा विजय. सर्व सॉफ्टवेअर पुन्हा सुरळीत.' मावशीने लिहिलं, 'डोळे निवले गं बाई.'

साहेबांची मीटिंग एकदाची संपली आणि पावणेपाचला त्यांनी तिला आत बोलावलं. खुर्चीत रेलून खटाखट एकामागून एक फायली उघडत बसले होते. चेहरा नुसता फुललेला.

"हे बघ! याला म्हणतात वेग! लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललंय. दोन वर्षं त्या नवीनच्या नादात फुकट घालवलीस. तू काही या कामाची नाहीस, सॉरी."

आता चष्मिशकडे गमावण्यासारखं राहिलं होतं काय?

"सर, हे जुनं नाहीये. आत सगळं माझं नवीनच आहे. जुनं फक्त वरचं चित्र, पट्टी आणि तो आवाज. बाकी काहीच बदललेलं नाही. सकाळी होतं तेच आहे."

साहेबांचा हात माउसवर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. एक फाईल बंद केली, परत उघडली. ती मघासारखीच झटकन उघडली. साहेबांच्या कपाळावर आठी आली.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले, "मघापासून हे अडकत अडकत का चाललंय!"